खाऱ्या हवेतला गॅजेटांचा नाद: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला राहतो. कॉम्प्युटर, हेडफोन, गेम्स आणि त्यांच्या वायरी यांत माझा निम्मा पगार आणि घरच्यांचा सगळा संयम खर्च होतो. गणपतीत आरती संपली की प्रसादाच्या रांगेतही कोणीतरी खिशातून फोन काढून विचारतंच. तेच प्रश्न, तीच उत्तरं, म्हणून एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत आणि ती किनाऱ्यावरच्या माणसासाठी आहेत. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

खयचो मोबाईल घेवचो?

कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि प्रोसेसर कुठला, हे मला सगळ्यात शेवटी विचारा. आधी तीन गोष्टी बघा. एक, तुमच्या वाडीत रेंज कुठल्या कंपनीची येते. शेजाऱ्याच्या फोनवर, तुमच्या ओटीवर उभं राहून तपासा. कंपनीच्या नकाशावर विश्वास ठेवू नका. दोन, त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुडाळ, सावंतवाडी किंवा रत्नागिरीला आहे का. सुट्या भागासाठी फोन मुंबईला जाणार असेल तर तो महिनाभर गेला असं धरा. तीन, सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार. सॅमसंग आणि गुगल आपल्या वरच्या फोनना सात वर्षं देतात, स्वस्त फोनमध्ये दोन-तीन वर्षांत विषय संपतो.

यानंतर जे दोन-तीन फोन उरतील त्यातला कुठलाही घ्या. पंधरा ते पंचवीस हजारांतले फोन आता इतके सारखे झालेत की त्यांची तुलना करणाऱ्या व्हिडिओंपेक्षा ते हातात धरून वजन बघणं जास्त उपयोगी.

खोक्यावर आयपी६८ लिहिलंय. म्हणजे समुद्रात नेला तर चालेल ना?

नाही. आयपीचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याची चाचणी प्रयोगशाळेत, गोड्या आणि स्थिर पाण्यात होते, नव्या कोऱ्या फोनवर. तारकर्लीच्या लाटेत यातलं काहीच लागू होत नाही. वर्ष-दोन वर्षांत फोन चार वेळा पडतो, आतली रबरी सीलं सैल होतात, आणि एकदा पडदा बदलला की ती चाचणी विसरा. पाण्यामुळे बिघाड झाला तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत, आयपी६८ असला तरी. खोक्यावर हेही लिहिलेलं असतं, फक्त फार बारीक.

पडलाच खाऱ्या पाण्यात, तर?

बंद करा. चालू होतो का हे बघण्यासाठी बटण दाबू नका आणि चार्जर तर मुळीच लावू नका. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे आतल्या बारीक तांब्याच्या रेषा काही मिनिटांत खायला लागतात. फोन आयपी६८ असेल तर गोड्या पाण्याने हलकेच धुवून मीठ काढा, पुसा, पोर्ट खाली करून उभा ठेवा. तसला नसेल तर बंद अवस्थेत त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतो. दुसऱ्या दिवशी नेला तर तोही मान हलवतो.

आणि तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाहीत आणि मीठ तर अजिबातच नाही, उलट त्यांची पीठी पोर्टमध्ये जाते. ॲपलने २०२४मध्ये आपल्या मदतपानावर हेच लिहिलं. आमच्याकडे आजही पहिला हात तांदळाच्या डब्याकडेच जातो.

पावसाळ्यात वस्तू खराब होतात त्याचं काय करायचं?

हा खरा कोकणी प्रश्न. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. लेन्सवर बुरशी धरायला साठ-पासष्ट टक्केसुद्धा पुरतात. म्हणजे चार महिने आपली सगळी उपकरणं बुरशीच्या घरात पाहुणी असतात.

नुकसान तीन तऱ्हांनी होतं आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पहिली बुरशी: लेन्स, दुर्बीण, कॅसेट, स्पीकरचा कागदी कोन, सगळ्यांवर. याला हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की भरले असं समजायचं आणि मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून त्यासाठी एक जुना तवा वेगळा ठेवा, भाकरीचा नको. कॅमेरा महाग असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, आत ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. त्याहून कोरडं केलं तर रबर आणि ग्रीस सुकतं.

दुसरा गंज. खारा वारा दाराखिडक्यांच्या बिजागऱ्यांना खातो तसाच हेडफोनच्या पिनेला, यूएसबीच्या पत्रीला आणि रॅमच्या कडांनाही खातो. समुद्रापासून पाचशे मीटरवरच्या घरात आणि दोन डोंगर आतल्या घरात यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कॉम्प्युटर अचानक चालू होत नाही, तीनदा बीप करतो, तेव्हा निम्म्या वेळा रॅम काढून तिच्या सोनेरी कडा अल्कोहोलने पुसून परत बसवली की काम होतं. दुकानदार याचे पाचशे घेतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

तिसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक दमट हवेत पाण्याशी संयोग होऊन आपोआप तुटत जातं, वापरा किंवा न वापरा. हेडफोनच्या गाद्यांचं नकली चामडं सोलून मानेवर काळ्या कपच्या पडतात, ते हेच. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कडा बोट लावताच चुरा होते, तेही हेच. काही माऊस आणि रिमोटवर दिलेला मऊ रबरी मुलामा दोन-तीन पावसाळ्यांत गुळासारखा चिकट होतो, तोही याच घराण्यातला. सिलिका जेलने हे लांबतं, थांबत नाही. म्हणून घेतानाच बघा: गाद्या कापडी किंवा मखमली, स्पीकरची कडा रबराची, माऊस साध्या टणक प्लास्टिकचा.

एक फुकटचा उपाय: वापरात ठेवा. चालू वस्तू थोडी गरम राहते आणि तिच्यावर दव धरत नाही. मे महिन्यात पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेला लॅपटॉप गणपतीत काढला तर त्याला वास येणारच. पावसाळ्यात दोन दिवसांनी एकदा तासभर लावा.

यूएसबी पोर्टमध्ये माती कशी जाते?

कुंभारीण. मातीची घरटी करणारी ती माशी तुमच्या स्पीकरच्या मागचं भोक, यूएसबी पोर्ट, चार्जरची पट्टी, सगळं आपल्याच पिल्लांसाठी आहे असं समजते. लाकडी टूथपिकने, वस्तू बंद करून काढा. न वापरल्या जाणाऱ्या भोकांना रबरी बुचं लावा, शंभर रुपयांत पाकीट मिळतं. पालीचं मात्र गंभीर आहे. ती ऊब शोधत पॉवर सप्लायच्या आत शिरते, दोन टोकांना चिकटते आणि स्वतःबरोबर पॉवर सप्लायही नेते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या उघड्या फटींवर बारीक जाळी लावा. पंख्याच्या तोंडावर नको, तिथे हवा अडते.

लाइट जाते-येते. यूपीएस घेऊ की इन्व्हर्टरवर चालेल?

तुमच्याकडे काय होतं ते आधी ठरवा, कारण "लाइटीचा प्रॉब्लेम" या नावाखाली चार वेगळे आजार असतात.

लाइट जाते, हा त्यातला सौम्य. घरच्या इन्व्हर्टरला वीज बदलायला दहा-वीस मिलिसेकंद किंवा थोडे जास्त लागतात. लॅपटॉपला ते कळतही नाही, डेस्कटॉप कधी टिकतो, कधी रिस्टार्ट होतो. त्यासाठी छोटा यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग पीसी त्यावर लावला तर लाइट जाताच दोघेही एकत्र झोपतील. इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर पंख्याला घरघरायला लावतो आणि ॲम्प्लिफायरमधून जी गुणगुण येते ती कुठल्याही महागड्या केबलने जात नाही.

डिम लाइट हा दुसरा. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या घरात संध्याकाळी २३० व्होल्टऐवजी १७०-१८० मिळतात. कॉम्प्युटर आणि टीव्हीचे आजचे पॉवर सप्लाय बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना स्टॅबिलायझर लागत नाही. फ्रिज आणि जुन्या एसीला लागतो. टीव्हीसाठी स्टॅबिलायझर विकणाऱ्या दुकानदाराला टीव्हीच्या मागचे आकडे वाचून दाखवा.

तिसरा भयंकर आहे: न्यूट्रल तुटणे. वादळात पोलावरची न्यूट्रल तार सुटली की एखाद्या घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. वाडीतले सगळे टीव्ही एकाच संध्याकाळी का गेले, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. जादा व्होल्टेज आलं की लाइन तोडणारं छोटं उपकरण मीटरजवळच्या बोर्डात बसवता येतं. वायरमनकडे ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले मागा. मला विचाराल तर कोकणात साउंडबारच्या आधी हे घ्यावं.

चौथी वीज आकाशातली. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात, दुपारनंतर. सर्ज प्रोटेक्टर दूर पडलेल्या विजेचा झटका काही प्रमाणात अडवतो, तोही अर्थिंग नीट असेल तर. आणि कातळावरच्या घरात अर्थिंग हीच मोठी बोंब, जांभ्यात खड्डा खणून पट्टी पुरली तरी माती सुकली की रोध वाढतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घाला, हा जुन्या वायरमनचा सल्ला आजही बरोबर आहे. गडगडायला लागलं की प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, आणि डिशची वायर काढायला विसरू नका, ती थेट छपरावरून येते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या ॲडाप्टरमधून येते.

छपरावर सोलर बसवला की हा सगळा त्रास संपेल?

बिल संपेल, त्रास नाही. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये आली आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, ते घ्यावंच. पण बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद होते. पोलावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरून झटका बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. डोक्यावर रणरणतं ऊन, छपरावर पॅनेल आणि घरात पंखा बंद, हे बघून चिडलेले बरेच जण मला भेटलेत. बॅकअप हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी, खर्च बराच वाढतो. पॅनेलवर मिठाचा थर बसतो, उन्हाळ्यात गोड्या पाण्याने धुवा. आणि सांगाड्याचे नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच मागा.

मुलगा इंजिनिअरिंगला गेला. लॅपटॉप की डेस्कटॉप?

लॅपटॉप. स्वतःची बॅटरी असलेला कॉम्प्युटर हा आपल्याकडे फुकटचा यूपीएस असतो, आणि मुलगा होस्टेलला जाणार. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, रॅम पुढे वाढवता येईल असा. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे "आता ८ घेऊ, नंतर वाढवू" हा जुना हिशेब सध्या महागात पडतो. कॉम्प्युटर शाखा असेल तरच ग्राफिक्स कार्डचा विचार करा. "प्रोजेक्टसाठी लागतं" असं मुलगा म्हणाला तर प्रोजेक्टचं नाव विचारा.

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. फेकून देऊ?

अजिबात नको. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, सुरक्षेचे वाढीव अपडेट नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी हजारो यंत्रं कागदोपत्री म्हातारी झाली. त्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका. युनिकोड मराठी टायपिंग, बिलं, यूट्यूब, पोरांचा अभ्यास, सगळं होतं. टॅली किंवा सरकारी कामाचं एखादं हट्टी सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र नवा घ्यावा लागेल.

वायफाय मागच्या पडवीत का येत नाही?

जाड जांभ्याच्या भिंतीमुळे. त्यात पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि ओली भिंत लहरी शोषते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंत ओलांडताना २.४च्या मानाने लवकर मरतं. फोनला २.४ला जोडून बघा. राउटर कपाटात, गणपतीच्या फोटोमागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे ठेवू नका. हे सगळं करूनही येत नसेल तर एक लॅन केबल ओढून मागे दुसरा राउटर लावा. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारांत. या किमतीत घरातल्या माणसांना इतका आनंद देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

गणपतीत मोबाईलचं नेट रांगतं, कारण मुंबईहून आलेले सगळे चाकरमानी त्याच एका टॉवरवर असतात. त्याला उपाय नाही. आरतीचा व्हिडिओ रात्री दीडनंतर पाठवा. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१मध्ये, कित्येक गावांत दिवसचे दिवस लाइट नव्हती आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपल्यावर रेंजही गेली. म्हणून घरात सेलवर चालणारा एक रेडिओ ठेवा. आकाशवाणीला तुमच्या टॉवरची गरज नसते.

गेमिंगसाठी पीएस५ घेऊ की पीसी?

दिवाणखान्यात भावंडांबरोबर खेळायचं असेल तर पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडायचं सोनीचं गेमयंत्र, तेही डिस्कवालं. डिस्क घेतली की खेळून झाल्यावर विकता येते, आणि मोठ्या गेमचे ऐंशी-शंभर जीबी मोबाईल डेटावर उतरवायचे निदान काही अंशी वाचतात. काही अंशी, कारण बऱ्याच गेम डिस्क घालताच मोठा अपडेट मागतात. घरी फायबर नसेल तर घेण्याआधी हे नीट ऐकून ठेवा.

पीसीचा फायदा वेगळा आहे. १९९९मधला एज ऑफ एम्पायर्स २ अजून जिवंत आहे, २०१९मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि ती साध्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालते. सायबर कॅफेच्या काळात आम्ही तासाला वीस रुपये देऊन हत्तींची फौज काढायचो, आज आमचीच पोरं तो घरी खेळतात. स्टार्ड्यू व्हॅलीसारखी शेतीची गेम दोन-तीन जीबीतही आरामात बसेल इतकी लहान, आणि एकदा उतरवली की नेट नको. पावसाच्या संध्याकाळी याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही. ऑनलाइन खेळायचं असेल तर नेटचा वेग सोडा, पिंग बघा, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद; कमी तितके बरे. १०० एमबीपीएस आणि पिंग १५० यापेक्षा २० एमबीपीएस आणि पिंग ४० केव्हाही बरा.

ऑनलाइन रमी, फँटसी टीम वगैरे?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायदा करून बंदी आणली. त्याआधीही मी कोणाला सल्ला देत नव्हतो. पुढचा प्रश्न.

हेडफोन वायरचे की ब्लूटूथचे?

चालताना, एसटीत, कोकण रेल्वेत ब्लूटूथ. बसून ऐकताना वायर. दीड हजारांतले वायरचे इअरफोन आज ज्या दर्जाचा आवाज देतात, तो ब्लूटूथमध्ये मिळवायला सहा-सात हजार मोजावे लागतात, आणि त्यातली बॅटरी तीन वर्षांत दमते ती बदलताही येत नाही. गेम खेळताना ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो, गोळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर.

एलडॅक, ॲपटीएक्स या ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींचा फार विचार करू नका. एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो हे खरं, पण आयफोनमध्ये तो नाहीच, आणि एसटीच्या इंजिनशेजारी बसून कोणाला फरक कळतो? हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या फाइलींचंही तेच. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ माणसाच्या कानाला पुरतात. तरुण कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि चाळिशीनंतर त्यातलाही वरचा भाग जातो. पैसे हेडफोनवर घाला, फाइलच्या आकारावर नको.

एकच महाग शिफारस करतो. सेनहायझरचा एचडी ६००, १९९७पासून बाजारात आहे. गाद्या मखमली, केबल सुटी, जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. दमट हवेसाठी कोणी मुद्दाम बनवला नसेल, पण आपल्याला चालतो तो याच कारणांमुळे. ३०० ओहमचा आहे, फोनवर हळू वाजतो, छोटा ॲम्प लागेल. पाठ उघडी असल्याने बाहेरचं सगळं ऐकू येतं, म्हणजे आईची हाकही. लग्न झालेल्यांनी हा गुण समजावा की दोष, हे मी सांगत नाही.

नॉइज कॅन्सलिंगने पत्र्यावरचा पाऊस बंद होतो का?

कमी होतो, बंद नाही. ते तंत्र विमानाची किंवा पंख्याची सलग, खालच्या सुरातली घरघर छान कापतं. पत्र्यावरच्या पावसात वरच्या सुरातला तडतडाट भरपूर असतो आणि तो गादी कानावर किती घट्ट बसते यावर अडतो. मंगळुरी कौलांखाली राहत असाल तर प्रश्न अर्ध्यावर येतो.

घरात मोठी सिस्टीम लावायची आहे. दहा हजार वॅटची मिळते म्हणतात.

दहा हजार वॅट पीएमपीओ हा आकडा विक्रेत्याच्या मनातला आहे, त्याची कुठलीही प्रमाण व्याख्या नाही. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, विचारा. घरातल्या खोलीला प्रत्येक बाजूच्या स्पीकरला तीस-चाळीस खरे वॅट म्हणजे भिंती थरथरतील. आणि सिस्टीम घेण्याआधी खोली बघा. स्लॅबच्या रिकाम्या, टाइल घातलेल्या खोलीत कुठलाही स्पीकर डब्यात बसून गातोय असं वाटतं. जुन्या कौलारू घराच्या माजघरात बेस छपरातून सुटून जातो, आवाज मोकळा लागतो. स्लॅबच्या खोलीत आधी गोधड्या, पडदे, पुस्तकांचं कपाट आणा, मग ॲम्पचं बोलू.

गावात वाजवायच्या सिस्टीमबद्दल: रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. सणांसाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांनी इतकंच लक्षात घ्यावं की ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात.

डबल बारी (दोन भजनी बुवांचा सामना) किंवा दशावताराचं रेकॉर्डिंग चांगलं कसं होईल?

हा प्रश्न कोणी विचारला की मी चहा टाकायला सांगतो.

फोनवर वाईट का होतं ते आधी. फोनमध्ये आवाज आपोआप वरखाली करणारी यंत्रणा असते. बुवा गजर वाढवतात, झांज आणि पखवाज एकदम येतात, फोन घाबरून सगळंच खाली दाबतो. झांज थांबली की बुवांचा श्वाससुद्धा मोठ्याने येतो. ऐकणाऱ्याला समुद्राच्या लाटांवर बसल्यासारखं होतं. निदान मॅन्युअल पातळी ठेवता येईल असं ॲप घ्या आणि त्याच्या मीटरवर सगळ्यात जोराचा क्षणही उणे सहा डेसिबलच्या खाली राहील असं लावा. म्हणजे सुरुवातीला, गणपतीच्या नमनाच्या वेळी, मीटर उणे अठराच्या आसपास दिसलं पाहिजे. हळू वाटेल. वाटू द्या, घरी वाढवता येतं. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

पुढची पायरी छोटा रेकॉर्डर. आता ३२ बिट फ्लोटचे मिळतात, झूम कंपनीचा एच१ एसेन्शियल त्यातला. त्यात पातळी लावायची कटकट जवळजवळ नसते. पण माइकच थेट कर्ण्यासमोर ठेवला तर कुठलेही बिट वाचवणार नाहीत.

माइक कुठे ठेवायचा यात सगळी मेख आहे. साउंडवाल्याशी गोड बोलून मिक्सरमधून लाइन घेतली तर बुवा आणि पेटी स्वच्छ मिळतात, पण कोरस आणि झांज पातळ येतात, कारण त्यांना माइक कमी असतात, आणि लोकांची दाद तर येतच नाही. म्हणून दोन्ही घ्या: मिक्सरची लाइन आणि पुढून दहा-बारा फुटांवर, डोक्याच्या उंचीवर, स्पीकरच्या तोंडासमोर न येता बाजूला राहील असा रेकॉर्डर. घरी दोन्ही फाइल एकमेकांवर बसवा. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवून ठेवली असेल तर जुळवणं सोपं जातं.

दशावतारात आणखी एक भानगड. नट रंगमंचभर फिरतात, युद्धात गिरक्या घेतात, आणि पेटी-पखवाज-झांज एका बाजूला बसलेली असते. माइक त्यांच्या बाजूला झुकला तर राजाचे संवाद बुडतात. माइक मधोमध, वाद्यांकडे पाठ करून ठेवा. वाद्यं तरीही पुरेशी येतात. नाटक रात्रभर चालतं, २४ बिट ४८ किलोहर्ट्झला तासाला साधारण एक जीबी जागा लागते, तेव्हा मोठं कार्ड आणि पॉवर बँक हवी. पहाटे दव पडतं, माइकवर फोमची टोपी घाला.

आणि पोस्ट करण्याआधी बुवांना किंवा नाटक मंडळाच्या मालकांना विचारा. रात्र त्यांची आहे. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, नाव नीट लिही एवढंच सांगतात.

आजोबांचा टेपरेकॉर्डर आणि पेटीभर कॅसेट आहेत. काही होईल का?

टेपरेकॉर्डरचा पट्टा बहुतेक वितळून डांबर झाला असेल, तो बदलता येतो. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर लगेच वाजवू नका, ती हेडवर जाते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. बाजारातल्या गाण्यांच्या कॅसेट सोडून द्या, ती गाणी कुठेही मिळतील. घरच्यांचे आवाज, गावातली जुनी भजनं, आजीच्या ओव्या ज्यांत आहेत तेवढ्या वेगळ्या काढा आणि आधी त्यांचं डिजिटल करून घ्या. हेडफोन जॅकमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला केबल आणि ऑडासिटी हे फुकटचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, दोन्ही मिळून शंभर रुपये खर्च.

ऑनलाइन घ्यावं की कोल्हापूर, गोव्याला जाऊन?

केबल, पेनड्राइव्ह, इअरफोन ऑनलाइन. लॅपटॉप, टीव्ही, स्पीकर जवळच्या दुकानातून, हजार रुपये जास्त गेले तरी. तो दुकानदार बाजाराच्या दिवशी समोर भेटतो, कस्टमर केअर भेटत नाही. जुलैत काहीही महाग मागवू नका, खोकं ट्रकमध्ये भिजतं आणि परत पाठवायला पुन्हा पावसातूनच जातं. जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना विक्रेता किनाऱ्यावरचा असेल तर पाठीमागचे स्क्रू बघा. हिरवे किंवा तांबूस झाले असतील तर आतही तेच चाललंय.

फोनची बॅटरी फुगली आहे. चालतो मात्र व्यवस्थित.

आत्ताच बंद करा आणि चार्जरपासून दूर ठेवा. टोचू नका, दाबून मागचं झाकण बसवायचा प्रयत्न करू नका, चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबाखाली टाकू नका. हे सांगावं लागतं, कारण लोक टाकतात. फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत, गवत-पेंढ्यापासून लांब ठेवून दुरुस्तीवाल्याकडे बॅटरी बदलायला न्या, आणि जुनी त्याच्याकडेच द्या. मे महिन्यात फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं बंद करा, रोज ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बहुतेक नव्या फोनमध्ये असते ती चालू करा. नवी बॅटरी मागवताना मॉडेल नंबर फोनच्या सेटिंगमधून बघून लिहून न्या, खोकं हरवलेलं असतं.